हा तलाव कुणाच्या मामाचा?

चला, पाहून येऊ

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगावी तलाव आहेत. थोडेथोडके नाहीत, सहा हजारांहून जास्त! आणि गावातल्या कुणालाही विचारा, 'हा तलाव कसला?' तर उत्तर येतं, 'मामा तलाव.' आता सांगा, एवढे तलाव बांधणारा हा मामा कोण? कुणाचा मामा? आणि त्याला भाचे तरी किती असावेत!

डोकं खाजवा जरा. उत्तर पुढे येईलच. तोवर आपण निघूया, कारण या मामाच्या घराण्यातला एक थोरला तलाव आज आपल्याला पाहायचा आहे. त्याचं नाव नवेगावबांध.

नकाशा उघडा. महाराष्ट्राचं अगदी पूर्वेचं टोक बघा. तिथे छत्तीसगडला खेटून गोंदिया जिल्हा आहे. (तुमच्या आई-बाबांच्या शाळेच्या नकाशात हा भंडारा जिल्ह्यातच असेल. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली.) या जिल्ह्याच्या दक्षिण भागात अर्जुनी मोरगाव नावाचा तालुका आहे आणि त्यात नवेगावबांध. नागपूरहून साधारण दीडशे किलोमीटर. मोठ्या महामार्गाने साकोलीपर्यंत यायचं आणि तिथून दक्षिणेकडे वळायचं. रेल्वेने यायचं असेल तर गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरायची आणि देवलगाव स्टेशनावर उतरायचं.

या मुलखाला म्हणतात झाडीपट्टी. नाव किती बरोबर आहे ते गाडीच्या खिडकीतूनच कळतं. साग, मोह, ऐन, बांबू, आणि मध्ये मध्ये धानाची शेतं. धान म्हणजे भात. इथे शेताच्या एकेका वाफ्याला 'बांधी' म्हणतात. आणि दर चार-सहा मैलांवर पाणी चमकतंच!

बांध घातला, तलाव झाला

तलावाच्या काठावर उभे राहिलात की पहिल्यांदा वाटतं, हे देवानंच इथे आणून ठेवलंय. तिन्ही बाजूंना जंगलानं झाकलेल्या टेकड्या, आणि मध्ये जवळजवळ अकरा चौरस किलोमीटर पसरलेलं पाणी. पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसतसुद्धा नाही.

पण नीट बघा हं. गावाचं नावच सांगतंय सगळं. नवेगाव-बांध! टेकड्यांच्या मधली वाट मातीची पाळ घालून माणसांनी अडवली. पावसाचं पाणी टेकड्यांवरून खाली आलं, त्याला पुढे जायला जागा मिळाली नाही, ते साठलं. झाला तलाव. हे काम सुमारे ३०० वर्षांपूर्वीचं. तेव्हा ना जेसीबी, ना सिमेंट, ना इंजिनिअरिंग कॉलेज. होत्या त्या कुदळी, टोपल्या, बैल, आणि पाणी कुठून कुठे वाहील हे उतार पाहून सांगणारी नजर.

ही नजर होती कोहळी समाजाच्या लोकांकडे. तलाव बांधणं आणि त्यावर धान आणि ऊस पिकवणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवेगावचा तलाव कोलू पाटील नावाच्या कोहळ्यानं बांधला असं सांगतात. गावानं त्याची आठवण कशी ठेवली माहीत आहे? त्याला देवच करून टाकलं! 'कोलासूर' म्हणून त्याचं ठाणं तलावाजवळच्या टेकडीवर आहे. आणि भोवतीच्या टेकड्यांना नाव आहे सात बहिणी. तलाव पुरा करायला या सात बहिणींनी कोलू पाटलाला मदत केली, अशी गोष्ट आजी-आजोबा नातवंडांना सांगतात.

गोष्ट राहू दे बाजूला, पण तिच्यातलं मर्म बघा. टेकड्यांची मदत झाली, हे तर शंभर टक्के खरं आहे! तीन बाजूंच्या भिंती फुकटात मिळाल्या, माणसांना चौथी तेवढी घालावी लागली. कुठे कमीत कमी माती टाकून जास्तीत जास्त पाणी अडेल, हे ज्याला कळलं तो खरा इंजिनिअर. नाही का?

हिवाळा : नाव, आणि नावेतले नियम

आता तुमची चुळबुळ सुरू झाली असेल. 'ते सगळं ठीक आहे, पण नावेत कधी बसायचं?'

बसूया की! तलावाला जायचं आणि नावेत बसायचं नाही, म्हणजे जत्रेला जाऊन पाळण्यात न बसण्यासारखं झालं. त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पाणी भरपूर असतं, वारा शांत असतो, ऊन हवंहवंसं वाटतं. काठावर पोचलात की पहिल्यांदा चौकशी करायची, आज नाव सुटणार आहे का. वारा, पाण्याची पातळी, नावाड्याचा अंदाज यांवर ते ठरतं. नावाडी 'नको' म्हणाला तर नको. तिथे हट्ट चालत नाही.

तुम्हाला काठाजवळ आणखी एक प्रकारची नाव दिसेल. लांबट, अरुंद, झाडाचा बुंधा कोरून केलेली. तिला म्हणतात डोंगा. ढिवर समाजाचे मासेमार डोंग्यातून जाळी टाकतात. एकटा माणूस उभ्याउभ्या बांबूनं डोंगा रेटत जातो, तेव्हा वाटतं किती सोपं आहे! मुळीच सोपं नाही. त्यानं ते तुमच्या वयापासून गिरवलेलं असतं. आपण त्यात चढायचं नाही.

आता दोन मिनिटं मस्करी बाजूला ठेवून ऐका.

१८ जानेवारी २०२४ ला गुजरातमध्ये वडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. नावेत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं भरली होती, आणि बऱ्याच मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. समुद्र नव्हता, वादळ नव्हतं, पूर नव्हता. शहरातला तलाव होता आणि सहलीचा आनंदाचा दिवस होता.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मोठी माणसं विसरली तर तुम्ही विसरू नये, म्हणून सांगतोय. हे नियम पाठ करा :

१. लाइफ जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे बांधल्याशिवाय नावेत पाऊल टाकायचं नाही. मांडीवर घेतलेलं जॅकेट काही कामाचं नाही. माप बरोबर आहे का ते असं तपासा : दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते तुम्हाला मोठं आहे. दुसरं मागा.

२. नावेत किती माणसं बसू शकतात ते विचारा आणि मोजा. एक जरी जास्त असेल तरी खाली उतरा आणि पुढच्या फेरीला जा.

३. नावेत उभं राहायचं नाही. 'तो बघ पक्षी!' म्हणत सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच नाही.

४. आभाळात गडगडाट ऐकू आला की लगेच काठावर. नावाड्याला तुम्हीच सांगा.

५. समजा नाव उलटलीच, तर काठाकडे पोहत सुटायचं नाही. उलटी झालेली नावसुद्धा बहुतेक वेळा तरंगते. तिला धरून राहायचं आणि ओरडायचं.

६. कुणी बुडताना दिसलं तर पाण्यात उडी मारायची नाही. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. दोर, ओढणी, बांबू, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका आणि मोठ्या माणसांना हाका मारा.

आणखी एक. तलावाचं पाणी वरून कितीही शांत दिसलं तरी खाली गाळ असतो, पायात गुंतणारी वेलं असतात. त्यामुळे अनोळखी तलावात पोहायला उतरायचं नाही. भले तुम्हाला शाळेच्या स्पर्धेत पोहण्याचं बक्षीस मिळालेलं असो!

करून पाहा

'उभं राहिलं तर काय होतं?' असं तुम्ही विचारणार, ठाऊक आहे मला. घरीच पाहा. साबणाच्या डबीचा बिनभोकांचा भाग घ्या. तो बादलीतल्या पाण्यावर सोडा. त्यात घड्याळाचे दोन संपलेले सेल आडवे ठेवा. डबी हळूच हलवा. डोलेल आणि पुन्हा स्थिर होईल. आता तेच दोन सेल उभे ठेवा आणि तसाच धक्का द्या. सेल कलंडतील आणि डबी एका बाजूला झुकेल. पाणी आत शिरायला मग किती वेळ लागतो?

सेल तेच, डबी तीच, वजनही तेवढंच. फरक पडला तो वजन वर गेल्यामुळे. वजन जितकं खाली, तितकी नाव स्थिर. तुम्ही नावेत खाली बसता तेव्हा आडवा सेल असता, उभे राहता तेव्हा उभा सेल!

पाहुणे आले तिबेटातून

नाव पाण्यात निघाली की आवाज बंद. कारण तलावावर तुमच्या आधीच पाहुणे येऊन उतरलेले आहेत.

हिवाळ्यात उत्तरेकडची तळी गोठतात, आणि तिथले पक्षी इकडे येतात. तलवार बदकं येतात, त्यांच्या शेपटीचं टोक तलवारीसारखं लांब असतं. लालसरी येतात, चक्रवाक येतात. आणि नशीब असेल तर दिसतो पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस. तो तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून मोजलं, तेव्हा ते ७,००० मीटरहून उंच उडाल्याचंही आढळलं. एवढ्या उंचीवर माणसाला दोन पावलं चालतानासुद्धा धाप लागते!

काठच्या पाणवनस्पतींत आपले घरचे पक्षी असतातच. कमळाच्या पानावरून टुणूक टुणूक चालणारा कमळपक्षी बघा. त्याची बोटं इतकी लांब असतात की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. जांभळी पाणकोंबडी असते, अडई असते, पाण्याबाहेर नुसती सापासारखी मान काढणारा तिरंदाज असतो. आणि याच जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी, सारस राहतो. माणसाएवढा उंच, लाल मानेचा, जोडीनं फिरणारा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हाच. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्यातच उरला आहे, आणि तोही मोजकाच.

गंमत म्हणजे, तिबेटातून इथे नुसते पक्षीच आलेले नाहीत. नवेगावबांधजवळ गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. आपला देश सोडून आलेल्या या माणसांना १९७२ साली इथे जागा मिळाली. तिथे गोंपा आहे, रंगीत पताका आहेत, आणि आजूबाजूला धानाची शेती. झाडीपट्टीच्या मध्यात 'ताशी देलेक' ऐकू येईल असं कुणाला वाटलं असतं का? तुम्ही गेलात तर तुम्हीही हात जोडून 'ताशी देलेक' म्हणा. तो त्यांचा नमस्कार.

या पाखरांवर आणि या जंगलावर मराठीत भरभरून लिहिणारे मारुती चितमपल्ली इथेच वनअधिकारी होते. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक लायब्ररीत मागून बघा. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. तलावाकाठच्या साध्या माणसांकडून, मासेमारांकडून, गोंड म्हाताऱ्यांकडून ते पक्ष्यांची नावं शिकले. तुम्हीसुद्धा गेलात की दुर्बिणीबरोबर वही-पेन्सिल न्या आणि विचारा, 'काका, याला तुमच्याकडे काय म्हणतात?' पुस्तकात नसलेलं एक तरी नाव घेऊन याल.

हिवाळ्यात संध्याकाळसुद्धा रिकामी जात नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. आणि रात्री नाटक! मोठा मांडव, गाणी, आणि पहाटेपर्यंत हलायला तयार नसलेली गर्दी.

उन्हाळा : तळ दिसतो तेव्हा

'उन्हाळ्यात कशाला जायचं? पाणी कमी, वर पंचेचाळीस अंश ऊन!' बरोबर आहे. पण एकदा पहाटे लवकर जाऊन बघाच. कारण तेव्हा तलाव आपलं पोट उघडून दाखवतो.

पाणी मागे सरकलेलं असतं. कोरड्या काठावर भेगा पडलेल्या असतात. त्या भेगांतली काळी, मऊ माती हातात घेऊन बघा. हा गाळ. दर पावसाळ्यात टेकड्यांवरून पाण्याबरोबर थोडी थोडी माती येते आणि तळाशी बसते. पूर्वी शेतकरी हा गाळ बैलगाड्या भरभरून शेतात नेत. शेताला फुकटचं खत मिळे, तलावाचं पोट मोकळं होई.

आता वही काढा, एक गणित करू. तलाव अकरा चौरस किलोमीटर धरा. समजा त्याच्या सगळ्या तळावर फक्त एक सेंटिमीटर गाळ बसला. किती पाण्याची जागा गेली?

अकरा चौरस किलोमीटर म्हणजे १,१०,००,००० चौरस मीटर. एक सेंटिमीटर म्हणजे ०.०१ मीटर. गुणाकार केला की १,१०,००० घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर. म्हणजे ११ कोटी लिटर पाणी! एका कुटुंबाला दिवसाला ५०० लिटर पाणी लागतं असं धरलं, तर सुमारे ६०० कुटुंबांचं वर्षभराचं पाणी झालं. तुमच्या बोटाच्या नखाएवढ्या जाडीचा गाळ, आणि एवढी मोठी चोरी! पण चोर दिसत नाही, म्हणून ओरड होत नाही.

पावसाळा : तलाव कामाला लागतो

जून-जुलैत गेलात तर सहलीचा तलाव दिसणार नाही. पावसाळ्यात जंगलसफारीही बंद असते. पण तलाव ज्यासाठी बांधला ते काम तुम्हाला याच दिवसांत दिसेल.

बांध्यांत चिखल झालेला असतो. धानाची रोपं, ज्यांना इथे पऱ्हे म्हणतात, ती उपटून दुसऱ्या बांधीत लावायची असतात. ही रोवणी. बायका रांगेनं वाकून, गाणी म्हणत, तासन् तास रोवणी करतात. मागे मागे सरकत जातात आणि त्यांच्यापुढे हिरवं शेत तयार होत जातं. परवानगी मागा, चप्पल काढा आणि एक मूठ पऱ्हे लावून बघा. पाच मिनिटांत कंबर बोलायला लागेल. दुसऱ्या दिवशी ताटातला भात टाकताना तुम्ही नक्की विचार कराल!

या भागात पाऊस चांगला पडतो, पण पडतो तो चारच महिन्यांत. मध्येच पंधरा-वीस दिवस दडी मारून बसला, की धान पिवळं पडायला लागतं. तेव्हा तलावाची मोरी उघडते, पाटानं पाणी शेतात जातं आणि पीक वाचतं. कोलू पाटलानं बांध घातला तो यासाठी. नाव, पक्षी, आपली सहल, हे सगळं त्याच्या मागून आलं.

मामा सापडला!

आता कोड्याचं उत्तर. सुचलं का कुणाला?

इंग्रजांच्या काळात या भागात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जो गावप्रमुख असे, त्याला मालगुजार म्हणत. गावचा तलाव त्याच्या ताब्यात असे. पाळ फुटली तर दुरुस्ती, गाळ, पाण्याची वाटणी, सगळं तो बघे. कष्ट अर्थात गावकऱ्यांचे. १९५० साली कायदा झाला आणि मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे आले. मग त्यांना नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. 'माजी'चा मा आणि 'मालगुजारी'चा मा. झाला की नाही मामा!

मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. एका माणसाच्या मुठीत सगळ्या गावाचं पाणी असणं बरं नव्हे. पण एक भलतीच गोष्ट घडली. पूर्वी तलाव एकाचा होता आणि राबत होतं सगळं गाव. आता तलाव सगळ्यांचा झाला, आणि काळजी कुणीच घेईना! 'सरकार बघेल' म्हणत गाव थांबलं, आणि सरकारच्या कागदांवर तर हजारो तलाव. गाळ साठत गेला. अनेक तलाव उथळ झाले. काठावर बेशरम माजली. हसू नका, त्या झुडपाचं नावच ते आहे! दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप तोडलं तरी उरलेल्या फांदीतून पुन्हा फुटतं. विषारी असल्यामुळे गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. त्यानं काठ व्यापला, की देशी पाणवनस्पतींना जागा उरत नाही. त्या गेल्या की त्यांच्यात अंडी घालणारे देशी मासे जातात, आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही.

मग कुणी केलं काही? केलं! भंडारा-गोंदियाच्या काही गावांत ढिवर समाजाच्या बायका-पुरुषांनी कंबर कसली. मासे कमी का झाले, हे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून आणि अभ्यासकांच्या मदतीनं त्यांनी शोधून काढलं. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट उपटायची, कोरडा तळ नांगरायचा, आणि पावसाचं पाणी भरायला लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून गाद, चिला अशा देशी वनस्पती आणून धानासारख्या रोवायच्या. हो, तलावात रोवणी! हळूहळू मासे वाढले, पाखरं परत आली. जी माणसं पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगली, त्यांनीच पाण्याला जगवलं. अलीकडच्या वर्षांत सरकारनंही मामा तलावांचा गाळ काढण्याची कामं हाती घेतली आहेत.

म्हणून पुन्हा विचारतो, हा तलाव कुणाच्या मामाचा? 'सगळ्यांचा' हे उत्तर सोपं आहे, पण अर्धंच आहे. जो त्याची काळजी घेतो, त्याचा तो तलाव.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांना तलावावर नेताना एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. अर्ध्या तासाची नावेची फेरी, भजी आणि परत, असं करू नका. सकाळची वेळ पक्ष्यांसाठी, दुपार गावासाठी, संध्याकाळ पाळेवर नुसतं बसण्यासाठी. लाइफ जॅकेटबद्दल मुलांनी आग्रह धरला तर 'एवढं काय होतंय' म्हणून गप्प करू नका. त्या दिवशी ती तुमच्यापेक्षा शहाणी असतील. आणि आधी तुम्ही घाला, मग ती निमूट घालतील. स्पीकर घरी ठेवा. बरोबर नेलेली प्रत्येक पिशवी, बाटली आणि वेफर्सचं पाकीट परत आणा. पाण्यात मुलांना पोहणं शिकवायचं असेल तर ते तलावावर नको, पोहण्याच्या तलावात शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली शिकवा. पण शिकवाच.

आता तुमचं काम

नवेगावबांध लांब आहे, सगळ्यांना लगेच जाता येणार नाही. पण तुमच्या गावाजवळ, मामाच्या गावाजवळ, आजोळी, कुठे ना कुठे एखादं तळं असेलच. या सुट्टीत तिथे जा आणि घरातल्या किंवा गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हे पाच प्रश्न विचारा :

हे तळं कुणी बांधलं? यात पाणी कुठून येतं आणि पुढे कुठे जातं? तुमच्या लहानपणी पाणी कुठवर असायचं? तेव्हा दिसणारा कुठला मासा किंवा पक्षी आता दिसत नाही? याचा गाळ शेवटचा कधी काढला?

उत्तरं एका पानावर लिहा. बाजूला तळ्याचा नकाशा काढा. पाळ कुठे, सांडवा कुठे, मोठं झाड कुठलं, सगळं दाखवा. आणि आमच्याकडे पाठवून द्या. चांगल्या पत्रांतला मजकूर आपण याच पानावर छापू.

पाचव्या प्रश्नाला 'आठवत नाही' असं उत्तर आलं, तर तेही लिहा. आणि ते पत्र आधी आपल्या ग्रामपंचायतीला दाखवा, मग आम्हाला पाठवा. जमेल ना?